प्रतिसाद: प्रत्येक रंगाचं वेगळं प्रॉडक्ट की एकच पान?

वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय की ऑनलाइन दुकानात कपड्याच्या रंगागणिक वेगळं प्रॉडक्ट टाका, स्टॉक सांभाळणं सोपं जातं. मला नाही पटत. स्टॉक प्रॉडक्टवर नाही, एसकेयूवर (मालाच्या ओळखीचा कोड) मोजायचा असतो, आणि एसकेयू प्रत्येक व्हेरियंटला (एकाच प्रॉडक्टचा ठरावीक साइज-रंगाचा प्रकार) स्वतंत्र देता येतोच. पानं फोडली की रिव्ह्यू विखुरतात आणि आठ रंग असले तर तेच वर्णन आठ ठिकाणी सुधारत बसावं लागतं.

खरी गोची गुणाकाराची आहे. 6 साइज, 8 रंग, 3 कापडं म्हणजे थेट 144 व्हेरियंट, त्यातले निम्मे कदाचित कधी बनतच नाहीत. म्हणून 'सगळी कॉम्बिनेशन तयार करा' हे बटण डोळे झाकून दाबू नका. वूकॉमर्स (वर्डप्रेसवर दुकान चालवायचं प्लगइन) असेल तर आणखी एक: डीफॉल्ट सेटिंगमध्ये 30 पेक्षा जास्त व्हेरिएशन (म्हणजे व्हेरियंटच) झाली की न मिळणारे पर्याय ड्रॉपडाउनमधून आपोआप गळत नाहीत. गिऱ्हाईक निवडतं आणि मग 'उपलब्ध नाही' बघतं. ही 30ची मर्यादा कोडमध्ये फिल्टर लावून वाढवता येते, पण पान जड होतं.

कापड बदललं की किंमत, फोटो, धुण्याच्या सूचना सगळंच बदलतं, तिथे मात्र वेगळं प्रॉडक्ट करा. गूगल फीडमध्ये (गूगलला पाठवायची प्रॉडक्टची यादी) एका प्रॉडक्टच्या सगळ्या व्हेरियंटना एकच आयटम ग्रुप आयडी (हे सगळे एकाच प्रॉडक्टचे प्रकार आहेत हे सांगणारा कोड) द्यायला विसरू नका. आणि हो, एसकेयूत किंमत घुसवू नका, ती बदलते.