मदत हवी आहे : बेसबॉलमध्ये सुरुवातीच्या घोडदौडीवर कधी विश्वास ठेवायचा?

मेजर लीग बेसबॉल (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) नियमित बघणाऱ्यांना एक विचारायचं आहे. 162 सामन्यांच्या हंगामात एप्रिलमधल्या गुणतक्त्याला तुम्ही किती महत्त्व देता?

2023 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी एप्रिलअखेर 20 सामने जिंकले होते, 9 हरले होते. माझा जीव या संघात अडकलेला, त्यामुळे आता प्लेऑफ (हंगामानंतरची बाद फेरी) नक्की असं वाटत होतं. हंगाम संपला 76 विजय आणि 86 पराभवांवर! त्याच वर्षी टँपा बे रेजनी पहिले 13 सामने सलग जिंकले, त्यातले पहिले नऊ तर प्रत्येकी किमान चार धावांनी. ते मात्र टिकले, 99 सामने जिंकले. पण त्या 13 मधले तीन विजय ओकलंडच्या संघाविरुद्ध होते आणि ओकलंड त्या वर्षी 112 सामने हरलं, हेही विसरता येत नाही.

उलट बाजूनं 2019 चे वॉशिंग्टन नॅशनल्स बघा. 50 सामन्यांनंतर 19 विजय, 31 पराभव, आणि शेवटी वर्ल्ड सिरीज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, त्यांचीच.

मग नेमकं काय बघायचं? केलेल्या आणि दिलेल्या धावांतला फरक पुरेसा आहे, की प्रतिस्पर्ध्यांचा दर्जाही धरायचा? पिचर्सची (चेंडू टाकणाऱ्यांची) दुखापत कितपत मोजायची? साधारण किती सामन्यांनंतर चित्र स्पष्ट होतं? आकडेवारीत मुरलेल्या कुणी जरा सविस्तर, उदाहरणं देऊन समजावलं तर फार बरं होईल.