ती गोम नाही, चपटी वाणी आहे
कुंडीखाली सापडलेला चपटा, तपकिरी किडा कोणता, या प्रश्नाच्या उत्तरात दोघांनी त्याला गोम म्हटलंय. मला ती चपट्या पाठीची वाणी (मिलिपीड) वाटते. पाय मोजा: गोमेला शरीराच्या प्रत्येक खंडाला पायांची एकच जोडी, वाणीला बहुतेक खंडांना दोन. चपट्या पाठीच्या वाणींत खंड साधारण २०च, आणि प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना पंखासारखी कड निघालेली, म्हणून पाठ सपाट दिसते. डोळे तर नसतातच! ओला पालापाचोळा, कुजकं लाकूड, कुंडीचा तळ हेच घर. कोरड्यात फार टिकत नाही. चावत नाही, पण डिवचलं की कडू बदामासारखा वास येतो, त्या स्रावात थोडं सायनाइडही असतं. हाताळल्यावर हात धुवा, डोळ्यांना लावू नका. आणि कोणी मीठ टाकून मारायचा सल्ला दिला तर कृपया ऐकू नका, कुजक्या पानांची माती तीच करते.