कम्युनिटी कॉलेजात ऑरगॅनिक केमिस्ट्री, चौदा वर्षांच्या गॅपनंतर. झेपेल का?

कोरीपाटी:

नमस्कार मंडळी, धागा लांबलाय, आधीच माफी मागते.

मी कॅलिफोर्नियात राहते. बी.एस्सी. मायक्रो करून चौदा वर्षं झाली, मग लग्न, इकडे येणं, दोन मुलं, नेहमीचंच. आता दोघंही शाळेत जातात, ग्रीन कार्ड मागच्या वर्षी आलं आणि फार्मडी (फार्मसीची डॉक्टरेट) करायचं परत डोक्यात घेतलंय. प्रीरेक्विझिटच्या, म्हणजे प्रवेशाआधी लागणाऱ्या कोर्सच्या, याद्या बघितल्या तर सगळ्यांना ऑरगॅनिक लॅबसकट पाहिजे. माझं बी.एस्सी.चं चालेल का म्हणून तीन ठिकाणी इमेल टाकली, एक म्हणतात इव्हॅल्युएशन करून आणा, दुसरे म्हणतात इतकं जुनं नको, तिसऱ्यांनी वेबसाइटची लिंक पाठवली जी वाचूनच मी त्यांना इमेल केली होती.

तर घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात करावं म्हणतेय. कॅटलॉगमध्ये दोन प्रकार दिसतात, एक "इंट्रोडक्टरी ऑरगॅनिक", एकाच सेमिस्टरचा, आणि दुसरा "ऑरगॅनिक १" व त्यापुढे "ऑरगॅनिक २". पहिला करून सुटका होते का? नवरा म्हणतो समरला आठ आठवड्यांत उरकून टाक, त्याचं काय जातंय म्हणायला. आणि मुख्य भीती म्हणजे अभ्यासाचीच, बारावीला नेम रिअ‍ॅक्शन घोकल्या होत्या, त्यातलं कॅनिझारो हे फक्त नाव शिल्लक आहे, रिअ‍ॅक्शन गेली. वर्गातली पोरं विशीची असणार, मी अडतीसची. कोणी केलंय का हे? जरा इस्कटून सांगा.

बेंझीनबाई:

अगं केलंय, याच वाटेने गेले, म्हणून लिहितेच सविस्तर.

आधी ते कोर्सचं. तो एका सेमिस्टरचा "इंट्रोडक्टरी" नावाला भुलून घेऊ नकोस!! तो बहुतेक ठिकाणी नर्सिंग, डायटेटिक्स वगैरेवाल्यांसाठी असतो, ऑरगॅनिक आणि थोडं बायोकेम एकत्र कालवलेलं. वाईट नसतो पण फार्मसीवाल्यांना लागतो तो सायन्स मेजरवाला, दोन सेमिस्टरचा. माझ्या बॅचच्या एकीने हाच घोळ केला, ए मिळवला आणि अ‍ॅप्लिकेशन भरताना कळलं की धरत नाहीत, अख्खं वर्ष गेलं तिचं. कॅटलॉगमध्ये कोर्सच्या खाली बारीक अक्षरात कुठे ट्रान्सफर होतो ते लिहिलेलं असतं, आणि असिस्ट नावाची सरकारी साइट आहे तिथे तुमच्या कॉलेजचा कुठला कोर्स यूसी किंवा सीएसयू या राज्याच्या विद्यापीठांच्या कुठल्या कोर्सबरोबर जुळतो ते दिसतं. खाजगी फार्मसी कॉलेजं त्यात नाहीत, त्यांना थेट विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. फोनवर कोणी "शुड बी फाइन" म्हणालं तर ते काही खरं नव्हे.

आणि १ आणि २ दोन्ही एकाच कॉलेजात कर. प्रत्येक कॉलेजची विभागणी वेगळी, कोणी स्पेक्ट्रोस्कोपी पहिल्यात घेतं कोणी दुसऱ्यात, मध्ये कॉलेज बदललंस की एक चॅप्टर दोनदा आणि एक कधीच नाही.

पैशाचं म्हणशील तर रेसिडेंटला युनिटला ४६ डॉलर. पाच युनिटचा कोर्स म्हणजे २३० डॉलर, वर हेल्थ फी, पार्किंग. रेसिडेंट ठरायला राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिलेलं असावं लागतं, तुझं झालंच असेल पण कागद काढून ठेव, अ‍ॅडमिशनवाले मागतात.

जनरल केमिस्ट्रीची अट असते ऑरगॅनिकला. तुझ्याकडे बी.एस्सी.चं केमिस्ट्री आहे तर ट्रान्सक्रिप्टचं इव्हॅल्युएशन करून प्रीरेक्विझिट चॅलेंजचा फॉर्म, म्हणजे ही अट माझी आधीच झालीय असा अर्ज, भरता येतो. मी भरला, मंजूर झाला, आणि नंतर पस्तावले. कारण मोलॅरिटी नि इक्विलिब्रियम काही आठवत नव्हतं आणि पहिल्याच आठवड्यात सरांनी पीकेए (अ‍ॅसिड किती जोरदार त्याचा आकडा) काढलं. वेळ असेल तर जनरल केमचा निदान दुसरा भाग परत करावा असं माझं मत.

वयाचं सोड. माझ्या लॅब पार्टनरचं वय एकोणीस, मला मॅम म्हणायचा, दोन महिन्यांनी माझ्याकडून होमवर्क तपासून घ्यायला लागला.

अर्धवटराव:

समर????

नवऱ्याला सांगा स्वतः करून दाखव. सोळा आठवड्यांचं आठ आठवड्यांत म्हणजे आज शिकवलं ते परवाच्या क्विझला. मी केला होता, विशीत होतो, लग्न नाही पोरं नाही, तरी सहाव्या आठवड्यात डब्ल्यू घेतला, म्हणजे कोर्स मध्येच सोडला. डब्ल्यूने जीपीए हलत नाही पण ट्रान्सक्रिप्टवर दिसतो, आणि इथल्या कम्युनिटी कॉलेजात एक कोर्स तीनदाच घेता येतो, नापासासारखा ग्रेड किंवा डब्ल्यू दोन्ही त्यात मोजतात. संधी फुकट घालवू नका.

कोरीपाटी:

बेंझीनबाई, कुठल्या शब्दांत आभार मानू, मी त्या इंट्रोडक्टरीला रजिस्टर करायच्या बेतात होते!! अर्धवटराव, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, गप्प आहे.

पण अभ्यास कसा करायचा? रोज एक रिअ‍ॅक्शन पाठ केली तर? फ्लॅशकार्ड करायला घेतलीत.

खडूफळा:

राहवलं नाही म्हणून लिहितो. मी एका कम्युनिटी कॉलेजात हाच विषय शिकवतो (पार्टटाइम, त्यामुळे ऑफिस नाही, ऑफिस अवर कॅफेटेरियात). फ्लॅशकार्ड जरूर करा, पण रिअ‍ॅक्शनची नको. आपल्याकडून आलेल्या विद्यार्थ्यांचं, मीही त्यातलाच, दुखणं एकच असतं, घोकंपट्टी. बारावीत रिअ‍ॅक्शनचं नाव, रिएजंट, प्रॉडक्ट, झालं, मार्क मिळाले. इथे पेपरात नाव विचारतच नाहीत. इथे विचारतात की इलेक्ट्रॉन कुठून निघाले आणि कुठे गेले, बाण काढून दाखवा.

आणि तो बाण! दरवर्षी निम्मा वर्ग उलटा काढतो. अल्कीनवर (डबल बाँडवाल्या रेणूवर) एचबीआर घालायचं असेल तर मुलं एच पासून डबल बाँडकडे बाण काढतात, कारण डोक्यात चित्र असं की एच "जाऊन चिकटतो". नाही हो. बाण हालचाल दाखवतो ती इलेक्ट्रॉनची, अणूची नव्हे. इलेक्ट्रॉन आहेत डबल बाँडमध्ये, म्हणून बाण डबल बाँडपासून निघून एच वर जातो, आणि एच–ब्रोमीनचा बाँड तुटून दुसरा बाण ब्रोमीनवर. हे दोन बाण ज्याला मनापासून पटले त्याची निम्मी भीती तिथेच संपते असं मी बघितलंय.

आता पाठ काय करायचं, तर दहाबारा पीकेए, आकडा जितका लहान तितकं अ‍ॅसिड जोरदार. गंमत नाही करत. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड ४.७६, पाणी १५.७, इथेनॉल १६, टोकाचा अल्काइन (ट्रिपल बाँड टोकाला असलेला) २५, अमोनिया ३८. आता प्रश्न असा येतो की अल्काइनचा प्रोटॉन काढायला सोडियम हायड्रॉक्साइड चालेल का. पाठ करणारा आठवत बसतो की पुस्तकात काय होतं. ज्याला आकडे माहीत आहेत तो म्हणतो, हायड्रॉक्साइडने प्रोटॉन घेतला की पाणी होणार, पाणी १५.७, अल्काइन २५, फरक ९.३, म्हणजे इक्विलिब्रियम जवळपास २०० कोटीला एक या प्रमाणात उलट्या बाजूला. नाही चालणार. सोडियम अमाइड घ्या, अमोनिया ३८ ला आहे, धावत जाईल. हा प्रश्न सोडवायला एक वजाबाकी पुरली, रिअ‍ॅक्शन एकही पाठ नव्हती.

दुसरी जागा जिथे लोक पडतात ती म्हणजे सब्स्टिट्यूशन–एलिमिनेशन (एक गट जाऊन दुसरा बसतो की गट निघून डबल बाँड होतो), साधारण सेमिस्टरच्या मध्यावर. एकच २-ब्रोमोब्युटेन घ्या. अ‍ॅसिटोनमध्ये सोडियम आयोडाइड घातलं तर एसएन२, म्हणजे सब्स्टिट्यूशन, कॉन्फिगरेशन (गटांची मांडणी) उलटं. सोडियम इथॉक्साइड इथेनॉलमध्ये घालून तापवलं तर मुख्यतः ई२, म्हणजे एलिमिनेशन, ट्रान्स-२-ब्युटीन जास्त. तिथेच टर्शरी ब्युटॉक्साइड, म्हणजे जाडजूड बेस घातला तर त्याला आत शिरायला जागा नाही, मग बाहेरचा हायड्रोजन ओढतो आणि १-ब्युटीन वाढतं. सब्स्ट्रेट तोच, वागणं तीन प्रकारचं. याचे तक्ते नेटवर ढिगाने आहेत, ते छापून भिंतीवर लावू नका, कोऱ्या कागदावर स्वतः बनवा, चुकीचा बनला तरी चालेल, ऑफिस अवरला घेऊन या. माझ्याकडे कॅफेटेरियात दर आठवड्याला तेच दोघं येतात आणि बाकीचे तीस जण परीक्षेनंतर इमेल करतात.

तास मोजून ठेवा. पाच युनिटमध्ये साधारण तीन युनिट लेक्चर आणि दोन लॅब असेल तर आठवड्याला तीन तास लेक्चर आणि सहा तास लॅब, आणि घरी लेक्चरच्या दुप्पट तरी. पोरं झोपल्यावर रोज एक तास बसलात तर शनिवार-रविवारी सात तास बसण्यापेक्षा बरं, हा विषय साठवून ठेवता येत नाही.

बेंझीनबाई:

खडूफळा सरांना +१००. बाणाचं वाचून आमच्या सरांची आठवण आली, ते उलटा बाण दिसला की शेजारी लाल पेनने एक छोटा रडका चेहरा काढायचे. माझ्या पहिल्या पेपरात सात चेहरे.

मॉडेल किट मात्र घे गं. खुर्ची कन्फर्मेशन (सहा कार्बनच्या रिंगचा खुर्चीसारखा आकार) कागदावर कळतच नाही, रिंग फ्लिप केली की अ‍ॅक्सियल ते इक्वेटोरियल होतं हे मी चार वेळा वाचलं आणि पाचव्यांदा हातात धरून उलटवलं तेव्हा दिसलं. माझ्या लेकीने त्याच गोळ्यांचा कुत्रा केला होता, दोन कार्बन अजून सोफ्यात आहेत. परीक्षेत किट न्यायला परवानगी असते का ते विचारून ठेव, आमच्याकडे होती.

कोरीपाटी:

सर, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवलाय. २०० कोटीला एक हे एकदम डोक्यात बसलं, बारावीला असं कोणी सांगितलं असतं तर.

लॅबचं कोणी सांगेल का? सहा तास म्हणजे काय करतात? काचेच्या वस्तू हातात घेऊन युगं लोटली, मायक्रोमध्ये पेट्री डिश तेवढ्या.

पाणउकळे:

वाचनमात्र होतो, लॅबवरून उठलो. मी मागच्या सेमिस्टरला ऑरगॅनिक १ केलं, वय ४१, दिवसा आयटी आणि संध्याकाळची लॅब.

पहिले काही आठवडे टेक्निक. रिक्रिस्टलायझेशन, मेल्टिंग पॉइंट, डिस्टिलेशन, टीएलसी (प्लेटवर मिश्रणातले घटक वेगळे करणं). ऐकायला सोपं. माझं पहिलंच बेंझोइक अ‍ॅसिड, अशुद्ध दिलेलं असतं, गरम पाण्यात विरघळवून गार करायचं की स्वच्छ स्फटिक मिळतात. मी पटापट विरघळावं म्हणून पाणी ओतत गेलो. शेजारच्या मुलीच्या फ्लास्कमध्ये पांढऱ्या सुया पडायला लागल्या आणि माझ्यात नुसतं पाणी, बर्फात ठेवलं तरी पाणी. टीए (लॅबमधली मदतनीस) आली, बघितलं, म्हणाली किती घातलंस? मग परत उकळून अर्धं आटवलं, गार केलं, काचेच्या कांडीने आतून भिंत खरवडायला सांगितली, आणि खरवडलं त्याच रेषेवर स्फटिक धरायला लागले, खरंच, डोळ्यांदेखत. यील्ड (हाती आलेला माल) आलं ३८ टक्के, पण मेल्टिंग पॉइंट १२१ ते १२२, म्हणजे माल चोख. कमी पण चोख असलं तर मार्क फार जात नाहीत हे तेव्हा कळलं.

टीएलसीची रेघ पेन्सिलनेच काढा, पेनने काढली तर शाईच वर चढते. मला माहीत होतं, पार्टनरला नव्हतं, आमच्या प्लेटवर निळा डाग सगळ्यात सुंदर आला होता. पुढे संत्र्याच्या सालीतून लिमोनीन काढतात, केळ्याच्या वासाचं एस्टर करतात. एस्टरच्या दिवशी बायकोने जॅकेट बाल्कनीत ठेवायला लावलं.

आणि एक, लॅब नोटबुक आदल्या रात्री लिहून न्यावं लागतं, प्रोसिजर, रिएजंटचा तक्ता, धोके सगळं. न लिहिता गेलात तर आमच्याकडे आत घेत नाहीत. सहा तासांमागे हे दोन तास कोणी मोजत नाही.

अर्धवटराव:

(अवांतर) वासावरून आठवलं, कार्वोन. एकाच रेणूची दोन रूपं, डाव्या-उजव्या हातासारखी आरशातली. आर वालं स्पिअरमिंटसारखं वास मारतं, एस वालं कॅरवे या जिऱ्यासारख्या मसाल्यासारखं, तेच अणू, तेच बाँड. सगळा कोर्स विसरलो, हे तेवढं राहिलं. डब्ल्यू घेतलेला माणूस यापेक्षा जास्त ज्ञान देऊ शकत नाही.

कोरीपाटी:

मंडळी, अपडेट. काउन्सेलरला भेटले. जनरल केमचा दुसरा भाग या फॉलला (चॅलेंज फॉर्म मंजूर होईल म्हणाली पण बेंझीनबाईंचं ऐकतेय) आणि ऑरगॅनिक १ स्प्रिंगला, समर नाही. दोन फार्मसी कॉलेजांकडून लेखी उत्तर आलं, हेच १ आणि २ चालतील. घोळ एवढाच की केमची संध्याकाळची लॅब भरली आहे, वेटलिस्टवर सातवी. सातवी म्हणजे आशा सोडायची का?

खडूफळा:

सोडू नका. पहिल्या दिवशी वेळेच्या आधी जाऊन बसा, नोटबुक आणि गॉगल घेऊन. जे पहिल्या लॅबला येत नाहीत त्यांना आम्ही तिथल्या तिथे ड्रॉप करतो आणि वेटलिस्टवरचे जे समोर हजर असतात त्यांना क्रमाने अ‍ॅड कोड (वर्गात नाव नोंदवायचा नंबर) देतो. मागच्या फॉलला माझ्याकडे वेटलिस्टवर नवव्या नंबरची होती, तिच्या आधीचे पाच आलेच नाहीत. चपला घालून जाऊ नका फक्त, बंद बूट लागतात, नाहीतर दारातूनच परत.

कोरीपाटी:

बूट घेतले. :)