एनॅमल : मुलामा की मीना?

प्रश्न : अलेक्झांडर फिशर (1864–1936) या इंग्लिश कलावंतावर लेख लिहितेय. चांदीकाम आणि एनॅमल ही त्याची दोन्ही अंगं. 'चांदीवर रंगीत मुलामा देणारा' असं लिहिलं तर चालेल का?

उत्तर : ताई, 'मुलामा' नको. मुलामा म्हणजे हलक्या धातूवर भारी धातूचा पातळ थर. शिवाय 'वरवरचा मुलामा' म्हणताना आपण खोटेपणाच सुचवतो. एनॅमल ही तर काच! घरातला जुना एनॅमलचा मग आठवा. टवका उडाला की खाली काळं लोखंड दिसतं आणि कडा काचेसारखी बोटाला लागते.

रंगीत काचेची पूड खलात घोटायची, धुवायची, धातूवर पसरायची आणि वाळली की साधारण 800 अंशांच्या भट्टीत सरकवायची. थोड्याच वेळात ती वितळून धातूला घट्ट धरते. फिशर असे पातळ थर एकावर एक देई आणि खाली सोन्या-चांदीच्या वर्खाचे तुकडे ठेवी. उजेड काचेतून आत शिरतो, वर्खावरून परततो आणि रंग आतून पेटल्यासारखा दिसतो. याला आपल्या सोनारांचा शब्द आहे, मीना. फारसीतून आलेला, पण आता पुरता आपला.

दुसरं उत्तर : 'मीना' पटलं. फक्त 'मीना भरणे' इथे जपून वापरा. जयपुरी कामात सोनं कोरून खळगे करतात आणि त्यांत मीना भरतात, तिथे ते क्रियापद चपखल बसतं. फिशरच्या चित्रांत खळगे नाहीत, त्याने सपाट पत्र्यावर थर चढवून चित्रं काढली. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याचा कंबरपट्टा आहे, जर्मन संगीतकार वॅग्नरच्या ऑपेरांतल्या (संगीत नाटकांतल्या) प्रसंगांचा. त्यावर आहेत ती मीनाचित्रं. म्हणून 'मीना चढवणे'.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार! आणि 'सिल्व्हरस्मिथ'? 'रौप्यकार' फार पुस्तकी वाटतो.

पहिलं उत्तर देणारा : मलाही. नुसतं 'सोनार' म्हटलं तर वाचकाला दागिनेच दिसतील. फिशरच्या 1899च्या सुमाराच्या मोराच्या भिंतदिव्यात चांदीबरोबर पोलाद, कांसं, पितळही आहे. 'चांदीकाम करणारा कारागीर' लिहा, लांब झालं तरी चालेल.

प्रश्नकर्ती : मग पहिलं वाक्य असं करते : 'फिशर चांदी घडवायचा आणि तिच्यावर मीना चढवायचा.'