नारशराबात साखर घालावी का?

आंबटशौकीन:
नारशराब म्हणजे अझरबैजानमधला आटवलेला डाळिंबाचा रस. नावात शराब असली तरी रस आंबवत नाहीत, नुसता आटवतात. तिकडे स्टर्जन माशाच्या कबाबवर तो हवाच. हल्ली पाककृतींत लिटरमागे वाटीभर साखर सर्रास सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: साखर नको. लिटरभर रसात मुळातच दीडशे ग्रॅमच्या आसपास साखर असते. रस पाचवा हिस्सा उरला की तीच त्याला दाट करते. वरून साखर घातली की रस लवकर दाटतो आणि आपण गॅस बंद करतो. आंबट-तुरट चव मग आटायचीच राहते.

मंद_आच:
पटलं नाही. अझरबैजानातल्या गोयचायकडचं आंबट डाळिंब पाचपट आटवलं की आम्लही पाचपट होतं, दात आंबतात. अशा रसाला लिटरमागे ५० ग्रॅम साखर चालते, पण शेवटच्या दहा मिनिटांत. आधी घातली तर तळाला धरते.

आणि चव बिघडते ती बहुतेकदा साखरेच्या आधीच. दाणे मिक्सरमधून फिरवले की बिया फुटून रस कडू होतो. दाणे कापडात बांधून हाताने पिळा. पांढरा पापुद्रा एकही राहू देऊ नका. भांडं पसरट, स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत डाळिंबातलं टॅनिन लोहाला भिडतं आणि रस शाईसारखा काळा पडतो.

दाणेदार:
तुम्ही दोघं आंबट डाळिंब धरून बोलताय. सोलापूरचा भगवा (डाळिंबाची जात) गोड असतो, त्यात साखर घातली तर सरबताचा पाकच होईल. त्याला उलट आंबट हवं. लिटरभर रसाला एका मोठ्या लिंबाचा रस, आच बंद करण्याआधी पाच मिनिटं.

आंबटशौकीन:
लिंबाचा वास लगेच कळतो. त्यापेक्षा ५० ग्रॅम अनारदाणा (आंबट डाळिंबाचे वाळवलेले दाणे) रसात तासभर भिजवा, मंद उकळी आणून गाळा, मग आटवा. आंबटपणा डाळिंबाचाच राहतो.

दाणेदार:
डाळिंबातलं मुख्य आम्लही सायट्रिकच आहे. वासाचीच अडचण असेल तर पाव चमचा सायट्रिक अ‍ॅसिड घाला. अनारदाण्याने भगव्याचा सुंदर लाल रंग मळकट होतो, त्याचं काय?

मंद_आच:
रंगापेक्षा चव बघा, इथे अनारदाणाच बरोबर. तसाही आटवलेला रस गडद तपकिरी-लालच होतो.

सगळ्यात नाजूक जागा शेवटची पंधरा मिनिटं. बुडबुडे मोठे आणि संथ झाले की थंड बशीत थेंब टाका, बोटाने रेघ ओढा. रेघ क्षणभर टिकून हळूच मिटली की गॅस बंद. गरम असताना मधाइतका दाट दिसला तर उशीर झालाय, गार झाल्यावर चमचा फिरणार नाही. तेव्हा उकळतं पाणी चमचा-चमचा घालून सैल करता येतं. करपट वास लागला असेल तर मात्र इलाज नाही, टाकून द्या.