'कुष्टा' हे नाव मुलाला ठेवावे का?

माशेलची सून

आमच्या मुलाचे बारसे पुढच्या रविवारी आहे आणि घरात अजून नाव ठरत नाही. नवऱ्याला आपल्या आजोबांचे नाव ठेवायचे आहे: कुष्टा. आजोबा वारून चाळीस वर्षे झाली, तरी गावात आमच्या घराला आजही 'कुष्टागेर' म्हणतात. रस्ता विचारणाऱ्याला तेच सांगावे लागते, आडनाव सांगून कोणी घर दाखवत नाही.

मी मूळची रत्नागिरीची, सासर गोव्यातले माशेल. माझ्या आईने फोनवर नाव ऐकले आणि पहिला प्रश्न केला, "अगं, रोगाचं नाव?" तेव्हापासून माझ्याही डोक्यात तेच घोळते आहे. नवरा म्हणतो, हे कृष्णाचेच नाव. पण कृष्णाचा किसन होतो, कान्हा होतो. कुष्टा कसा होईल? त्यात त्याच्या ऑफिसातल्या एकाने सांगून टाकले की हे 'क्रिस्त'वरून, पोर्तुगीज आमदानीत आलेले असणार.

सासूबाईंना विचारायची सोय नाही. त्यांच्या सासऱ्यांचे नाव, त्यामुळे त्या ते तोंडातून काढत नाहीत. देवकीकृष्णाच्या देवळालासुद्धा 'देवकीच्या बाळाचे देऊळ' म्हणतात. मला लग्नानंतर दोन वर्षे वाटत होते की ती दोन वेगळी देवळे आहेत.

तर हे नाव नक्की कुठले, त्याचा अर्थ काय आणि आता कोणी ठेवते का? सगळ्यात मुख्य म्हणजे, शाळेत पोराचे हाल होतील का?

हौशी बाबा

ताई, क्रिश ठेवा. अर्थ तोच राहतो, कटकट नाही. आमच्या बिल्डिंगमध्ये दोन आहेत.

वाळपईचा मास्तर

बाय, तुमचे यजमान बरोबर सांगतात. कुष्टा म्हणजे कृष्णच.

आधी उच्चार. 'ऋ' आपण मराठीत आणि कोकणीत 'रु'सारखा म्हणतो, उत्तरेकडे 'रि' म्हणतात. म्हणून तिकडे क्रिश्न आणि त्यातून किशन, आणि आपल्याकडे क्रुष्ण. घाईच्या बोलण्यात 'क'ला चिकटलेला 'र' गळतो, राहतो कुष्ण. आता 'ष्ण' मोठ्याने म्हणून बघा. 'ष'साठी जीभ टाळ्याकडे वळलेली असते, आणि तिथल्या तिथे 'ण' काढायचा तर वारा नाकातून सोडावा लागतो. शेताच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला हाक मारताना एवढी कसरत कोण करणार? जीभ तिथेच टेकवून सोडली की 'ट' होतो. शेवटचा 'आ' रामा, शाबा यांच्यातलाच, हाकेचा. झाला कुष्टा. कान्हा वेगळ्या वाटेने आला, प्राकृतातल्या 'कण्ह'वरून. अर्थ सगळ्यांचा एकच: काळा, सावळा.

क्रिस्ताचे म्हणाल तर तो शब्द मूळ ग्रीक, अर्थ अभिषेक झालेला. फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण 1616 साली छापले गेले, त्यात 'क्रिस्त' आहे, आणि आमचे ख्रिस्ती शेजारी आजही 'जेजू क्रिस्त'च म्हणतात. त्यांच्या तोंडी मी कधी 'कुष्ट' ऐकले नाही. शिवाय हे नाव मला जास्त ऐकू आले ते सत्तरी-डिचोलीकडे. हे भाग नव्या काबिजातींतले, पोर्तुगिजांच्या हाती अठराव्या शतकात गेले. देवळे जागेवर राहिली, नावेही राहिली. तुमच्या सासरची गोष्ट थोडी निराळी. माशेलचा देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, पोर्तुगिजांनी देवळे पाडली त्या काळात मयेमार्गे माशेलला आलेला. आईने मांडीजवळ धरलेला बाळकृष्ण अशी मूर्ती फारशी कुठे दिसत नाही. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ज्या देवळापुढे गावचे पुरुष चिखलकाला खेळतात, त्या गावात कृष्णाच्या नावाचे अप्रूप कशाला?

आता तुमच्या आईंचा प्रश्न. रोगाच्या 'कुष्ठ'मध्ये ठ आहे, नावात ट आहे. पण खरे उत्तर ते नव्हे, मुलांना ट आणि ठ यांचे काय पडले आहे! खरे उत्तर असे की जुनी माणसे त्या रोगाला कुष्ठ म्हणतच नसत. महारोग म्हणत, रगतपिती म्हणत. कुष्ठ हा शब्द पुस्तकांतून आणि पोस्टरांवरून गावात आला. तुमच्या आजेसासऱ्यांना त्यावरून कोणी चिडवले नसणार, चिडवायला शब्दच नव्हता.

हे मी एवढ्या खात्रीने सांगतो, कारण आमच्या शाळेत ते पोस्टर भिंतीला लावणारा मीच. 1983 साल. 30 जानेवारीला कुष्ठरोग निवारण दिन असतो, त्यासाठी आलेले पोस्टर होते. चौथीच्या वर्गात एक कुष्टा होता. एकोणतीसचा पाढा उलटा म्हणणारा पोर. मधल्या सुट्टीपर्यंत बाकीच्यांनी पोस्टर वाचून घेतले होते. सुट्टीनंतर त्याच्या बाकावर कोणी बसेना. मी रागावलो, दोघांना छडी दिली, आणि माझे काम झाले असे समजलो. दुसऱ्या दिवशी त्याने वही आणली. पुठ्ठ्यावरचे नाव थुंकी लावून खरवडलेले, तिथे भोक पडलेले, आणि भोकाच्या खाली नवे नाव: कृष्णा. मी त्याला शाबास म्हटले. त्याच्या बापाला बोलावून अर्जावर अंगठा घेतला आणि रजिस्टरातही बदल करून टाकला.

तो एकटा नव्हे. जूनमध्ये बाप पोराला हाताला धरून घेऊन येई, नाव सांगे कुष्टा, मी लिही कृष्णा. विचारीतही नसे. मला वाटे, मी भाषा शुद्ध करतो आहे. 1974 ते 2009 एवढी माझी नोकरी झाली. तेवढ्यात दहा-बारा कुष्टे तरी माझ्या शाईखाली गेले असतील, आणि माझ्यासारखे मास्तर गावोगाव होते. हे नाव दुर्मिळ कसे झाले म्हणून विचारता ना?

तो पाढेवाला मागच्या वर्षी वाळपईच्या बाजारात भेटला. जन्मदाखल्यावर कुष्टा, शाळेच्या दाखल्यावर कृष्णा. बापाच्या पश्चात जमिनीचे कागद करताना दोन्ही नावांचा माणूस एकच, असे प्रतिज्ञापत्र करावे लागले, वर दोन खेपा वाया गेल्या. मी ओशाळून म्हटले, चूक माझी रे. तर हसून म्हणतो, "मास्तर, घरा हांव अजून कुष्टाच."

शाळेत हाल होतील का, याची हमी मी देऊ शकत नाही. क्रिश नावाच्या पोरालाही काहीतरी चिडवतीलच. फक्त, कधी एखाद्या मास्तराने नाव 'नीट' करून दिले, तर ते परत नीट करून घ्या.

नऊ वर्षे कोलकात्यात

मास्तरांच्या ट-पुराणाला पूर्वेकडचा आहेर. बंगालीत कृष्णाचा केष्टो होतो, विष्णूचा बिष्टू आणि वैष्णवाचा बोष्टम. त्यांच्याकडे 'ऋ'चा 'रि', म्हणून के. आपला 'रु', म्हणून कु. ट दोघांचा सारखा. माझी घरमालकीण भाडे मागताना एक म्हण ऐकवायची: 'कष्टो ना कोरले केष्टो मेले ना', म्हणजे कष्ट केल्याशिवाय कृष्ण भेटत नाही. तेलुगू मुलखात किष्टय्या भेटतात. कानडीत तर ष आणि ण दोन्ही विरघळून कृष्णाचा किट्टा होतो. होयसळ राजा विष्णुवर्धन, त्याचे नाव बिट्टीदेव, तेही याच चालीचे.

म्हणजे सगळ्या देशाची जीभ एकाच जागी अडखळते. तिथे केष्टो हाक मारली की कोणाला रोग आठवत नाही.

हौशी बाबा

सगळे खरे हो. पण केष्टो काय, कुष्टा काय, पोराला उद्या पुण्याला नोकरी करायची आहे. ट-ठचा इतिहास मुलाखतीत सांगत बसणार का? पाळण्यात कुष्टा, कागदावर कृष्ण, दोघेही खूश.

डिचोलीचा टायपिस्ट

पाळण्यात एक आणि कागदावर एक, हेच तर नको! मी वकिलाच्या ऑफिसात बसतो. 'उर्फ' टाइप करून करून बोटे झिजली माझी. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर कुष्टा, रेशनकार्डावर कृष्णा, बँकेत किशन, आणि माणूस एकच, तोही वारलेला. मग वारसनामा करताना तीन भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. बाबांना हे गमतीचे वाटत असेल तर एक दिवस माझ्या टेबलाशी येऊन बसा.

माशेलच्या ताई, घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी, पण बाळाचे नाव त्यात मागाहून 12 महिन्यांपर्यंत फुकट घालता येते. काय ठेवाल ते ठेवा, पण दाखला, आधार, शाळा, सगळीकडे एकच अक्षर. मोठेपणी मुलाला नकोच झाले तर गोव्यात नाव बदलायचा 1990चा स्वतंत्र कायदा आहे, तो त्याचे तो बघेल.

माशेलची सून

सगळ्यांचे आभार. काल रात्री सासूबाईंना मास्तरांचे मोठ्याने वाचून दाखवले. मी वाचताना नाव आले की त्या पदर तोंडाला लावत होत्या. पोस्टरच्या गोष्टीला मात्र त्यांनी पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "दवर तेंच नांव. हांव आपली ताका बाबूच म्हणटां." (ठेव तेच नाव, मी आपली त्याला बाबूच म्हणते.) म्हणजे घरातले एक मत पडले, पण त्या मताच्या मालकिणीला नाव उच्चारता येणार नाही. रविवारी बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणून सासूबाई सुटल्या.

आईला बोष्टम आणि बिष्टू सांगितले. ती म्हणाली, "बंगाल्यांचं बंगाल्यांपाशी." तिचे मन वळवायला अजून आठवडा आहे.

एक राहिले. इंग्रजीत कसे लिहायचे? नवरा एच घालायचा म्हणतो, मला भीती वाटते.

डिचोलीचा टायपिस्ट

एच घाला, पण एसनंतर. टीनंतर एच गेला की बाहेरचा माणूस ठ वाचणार, आणि तुमची आई पुन्हा फोन करणार.