हवामान बदलामुळे लोकांना खरंच गाव सोडावं लागेल का?

प्रश्न: समुद्र वाढणार, उष्णता वाढणार हे रोज ऐकतो, पण साध्या माणसांचं नेमकं काय होणार? गावंच्या गावं उठणार का?

रिप्लाय १: सुरुवात झालीये. तुवालू या प्रशांत महासागरातल्या, समुद्र वाढल्याने धोक्यात आलेल्या छोट्या बेटांच्या देशाने २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाशी करार केला, त्यात वर्षाला २८० जणांना तिकडे कायमचं राहायला जाता येतं. पण बहुतेक लोक देशातल्या देशातच हलणार, वर्ल्ड बँकेचा २०२१चा अंदाज आहे की २०५०पर्यंत २१.६ कोटींपर्यंत लोकांना असं हलावं लागू शकतं.

रिप्लाय २: मला उष्णतेची जास्त भीती वाटते. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग थंडच होत नाही, मग उन्हात राबणाऱ्याने काय करायचं, मजुरी बुडवायची की जीव धोक्यात घालायचा?

रिप्लाय ३: आणि घर मिळेल हो दुसरीकडे, पण शेजारपाजार कुठून आणणार? हलवायचंच तर सगळ्यांना एकत्र हलवा, आणि जागा त्यांना विचारून ठरवा.